खिशात डेटा, टेबलावर अर्ज

२०२५च्या मे महिन्यात अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच सबंध महाराष्ट्राला लागू झाला. तोवर मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा महानगरांपुरती असलेली ही पद्धत त्या वर्षी सातारा-सांगलीकडच्या दहिवडी, मेढा, जत, शिराळा इथल्या मुलांपर्यंत पोहोचली. तालुक्याच्या कॉलेजात गुणपत्रक घेऊन जायचे आणि नाव घालून यायचे, एवढ्यावर जे काम भागत होते त्यासाठी आता संकेतस्थळावर नोंदणी, शंभर रुपयांचे ऑनलाइन शुल्क, दोन भागांचा अर्ज, एक ते दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम आणि आरक्षणाच्या दाखल्यांच्या प्रती असा सगळा पसारा आला. २१ मेला पोर्टल सुरू होताच कोसळले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. ही मुले मोबाइल हातात घेऊनच मोठी झालेली. त्यांना इंटरनेट काय असते हे कोणी शिकवायची गरज नाही. तरीही अर्ज भरायला त्यांतली कितीतरी मुले आईवडिलांना घेऊन बसस्थानकासमोरच्या, तहसील कचेरीच्या वाटेवरच्या किंवा कॉलेजच्या फाटकाशेजारच्या नेट कॅफेत गेली. खिशात रोजचा दीड-दोन जीबी डेटा असताना तिथे पैसे मोजायला गेली, ही गोष्ट अडाणीपणाची नाही. ती समजून घ्यायची तर या दुकानात नेमके काय विकले जाते, हे आधी नीट पाहिले पाहिजे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत सातारच्या राजपथापासून सांगली-मिरजेच्या रस्त्यांपर्यंत प्लायवूडचे कप्पे केलेली सायबर कॅफे उघडली. तिथे तासावर पैसे घेतले जात. लोक ईमेल बघायला, निकाल बघायला, चॅटिंग करायला, गेम खेळायला येत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि तासाच्या हिशेबावर चालणारा तो धंदा पाहता पाहता बसला. तो बसला याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. जे काम माणूस घरी, एकांतात, फुकटाच्या भावात करू शकतो त्यासाठी त्याने दुकानात जाऊन का बसावे? एसटीडी बूथ गेले तसा तोही गेला. पण एसटीडी बूथच्या जागी दुसरे काही सुरू झाले तेव्हा तो बूथ राहिला नाही, आणि नेट कॅफेचे मात्र तसे झाले नाही. कप्पे काढले गेले, आठ संगणकांचे दोन झाले, शेजारी झेरॉक्सचे यंत्र आणि रंगीत प्रिंटर आला, लॅमिनेशन आले, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आले, आणि गिऱ्हाईक संगणकासमोरून उठून टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसले. आता कळफलकावर हात दुकानदाराचे असतात. लोक त्याला पैसे देतात ते इंटरनेटचे नव्हेत. अर्ज बरोबर भरून, दाखल करून, त्याची पावती हातात मिळावी यासाठी देतात. इंटरनेट स्वस्त होत गेले तसतसे हे काम कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेले, कारण इंटरनेट सगळ्यांकडे आहे असे गृहीत धरून एकेका खात्याने आपली खिडकी बंद केली आणि तिथल्या कारकुनाचे काम नागरिकाच्या अंगावर टाकले. हे काम जोवर नागरिकाकडे आहे, तोवर नेट कॅफेची गरज राहणार, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्याला सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात अडचणीचा पुरावा वारणेच्या खोऱ्यातच आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांचे जाळे उभारायचे ठरवले. देशातल्या अगदी सुरुवातीच्या ग्रामीण संगणक प्रकल्पांत त्याची गणना होते. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सरकारी सेवा असे मोठे चित्र त्यामागे होते. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रांवर जायचे ते मुख्यतः साखर कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठी: ऊस किती भरला, खत किती उचलले, बिल किती निघाले. पुढे २००७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्राने तिथे एक प्रयोग केला. काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून हीच माहिती शेतकऱ्याला दिली. काम झाले, स्वस्तात झाले, आणि शेतकऱ्यांना ते आवडलेही. स्मार्टफोन खेड्यात यायच्या कितीतरी आधी मोबाइलने संगणक केंद्राला हरवल्याचा हा नोंदवलेला दाखला आहे, आणि नेट कॅफेच्या बाजूने बोलणाऱ्याने तो टाळता कामा नये.

पण वारणेत मोबाइल जिंकला तो कोणत्या कामात, हे पाहा. शेतकऱ्याचा प्रश्न एका ओळीचा होता आणि उत्तर एका आकड्याचे. ज्या कामात माहिती फक्त वाचायची असते तिथे मोबाइल जिंकतो, आणि जिंकावाच. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, बाजार समितीतला हळदीचा भाव, दहावीचा निकाल, हवामानाचा अंदाज ही सगळी कामे कॅफेतून मोबाइलवर गेली आणि परत येणार नाहीत. राहिली ती कागद तयार करण्याची आणि दाखल करण्याची कामे. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती, सीईटी, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, जातपडताळणी, शेतकरी ओळख क्रमांक: या कामांत प्रश्न एक नसतो, पन्नास रकाने असतात. एका रकान्यात चूक झाली की पुढचे सगळे चुकते, आणि चूक झाल्याचे कित्येकदा कागदपत्र तपासणीच्या दिवशी कळते. वारणेचा प्रयोग म्हणूनच या वादाचा निकाल देत नाही. कोणते काम मोबाइलचे आणि कोणते टेबलाचे, याची रेघ मात्र तो स्पष्ट दाखवतो.

मोबाइलवर अर्ज भरता येत नाही असे नाही. भरणारे भरतात. पण एका साध्या भरतीच्या अर्जाला काय लागते ते मोजून बघावे. फोटो ठरावीक आकाराचा, ठरावीक केबीच्या मर्यादेत. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेली, तीही वेगळ्या मर्यादेत. दाखल्यांच्या पीडीएफ, त्यांना आणखी वेगळी मर्यादा. मोबाइलने काढलेला फोटो दोन-चार एमबीचा निघतो. तो कापायचा, दाबायचा, तरी चेहरा ओळखू आला पाहिजे आणि दाखल्यावरचा बारकोड वाचता आला पाहिजे. अनेक सरकारी संकेतस्थळे संगणकाचा पडदा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहेत. मोबाइलवर त्यांची बटणे एकमेकांवर चढतात, नवी खिडकी उघडत नाही. ओटीपी बघायला दुसऱ्या अॅपमध्ये जाऊन परत येईपर्यंत अर्ज मुदत संपल्याचे सांगून बाहेर काढतो. घरी संगणक असेल तर यातले निम्मे प्रश्न सुटतात, पण २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आढळला होता. टाळेबंदीच्या काळात मध्यमवर्गीय घरांत लॅपटॉप आले, हे खरे. पण शेतावर राबणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, यंत्रमागावर बसणाऱ्या घरात वर्षातून चार वेळा लागणाऱ्या संगणक, स्कॅनर आणि प्रिंटरवर तीस-चाळीस हजार घालणे शहाणपणाचेही नाही. अशी यंत्रे गावाने मिळून एकाच जागी ठेवावीत आणि लागेल तेव्हा वापरावीत, यात मागासलेपण कसले?

प्रिंटरची गोष्ट जरा सविस्तर बोलण्याजोगी आहे. आपली व्यवस्था अर्ज ऑनलाइन घेते आणि तपासणी कागदावर करते. प्रवेशपत्राची प्रत हवी, अर्जाची प्रत हवी, साक्षांकित झेरॉक्सचे दोन संच हवेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो आणि त्याला कायद्याने मान्यता आहे. तरी बँकेच्या किंवा सोसायटीच्या टेबलावर तो छापील स्वरूपातच द्यावा लागतो. २०२३च्या सप्टेंबरात मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय जुन्या कागदांच्या प्रतिमा आल्या. त्यांतल्या कितीतरी मोडी लिपीत. शंभर वर्षांपूर्वीचा जन्म-मृत्यूचे रजिस्टर सहा इंची पडद्यावर बोटाने ताणून वाचणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. पणजोबाचे नाव सापडले की ते पान छापायचे, मोडी वाचकाकडे न्यायचे, लिप्यंतर घ्यायचे, वंशावळ टाइप करायची, प्रतिज्ञापत्र जोडायचे, आणि तो सगळा गठ्ठा पुन्हा स्कॅन करून चढवायचा. या साखळीतली प्रत्येक कडी कोणत्या ना कोणत्या संगणकाच्या टेबलावरूनच जाते. आणि पूर आला की काय होते? २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तके भिजली, आणि नदीकाठच्या घरांतले कपाटातले कागद चिखलात गेले. ज्यांचे कागद आधी ऑनलाइन चढले होते त्यांना ते पुन्हा छापून घेता आले. पण कागद ढगात सुरक्षित असणे आणि पंचनाम्याच्या वेळी हातात असणे यांत एका प्रिंटरचे अंतर असते.

यंत्रांहून मोठी गोष्ट म्हणजे दुकानदाराला असलेली माहिती. विद्यार्थी एखादा अर्ज आयुष्यात एकदा भरतो. दुकानदार त्या आठवड्यात तोच अर्ज शेकडो वेळा भरतो. कोणत्या रकान्यात आधारवरचे नाव आणि कोणत्यात दहावीच्या सनदेवरचे, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा चालतो, पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर दुसऱ्यांदा भरायचे की थांबायचे, रात्री किती वाजता साइट हलकी चालते, हे कुठल्याही सूचनापुस्तिकेत लिहिलेले नसते. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या वर्गासाठी शुल्क एक हजार रुपये होते. २०२४च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या पोरांसाठी ही भरती म्हणजे पहाटे उठून डोंगरावर धावलेली दोन-तीन वर्षे असतात. ती वर्षे चुकीच्या प्रवर्गावर पडलेल्या एका टिचकीने वाया जाऊ नयेत म्हणून शंभर रुपये देऊन जाणत्या माणसाच्या डोळ्यांखालून अर्ज घालणे, हा पूर्ण विचारी व्यवहार आहे. ‘ही पिढी स्वतः शिकेल, मग कॅफे लागणार नाहीत’ हा आक्षेप इथेच ढासळतो. शिकलेली पिढीच या दुकानांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आहे. तंत्र येत नाही म्हणून ती येत नाही. चूक परवडत नाही म्हणून येते.

या कामाला आपल्याकडे जुनी परंपराही आहे. कचेरीच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसणारा अर्जनवीस, दस्त लिहून देणारा लेखनिक, मुद्रांक विकता विकता मजकूर सांगणारा विक्रेता, ही माणसे सरकार आणि रयत यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. राज्य संगणकाकडे वळले तेव्हा सरकारलाही या मधल्या माणसाची गरज ठाऊक होती. म्हणून तहसील कचेऱ्यांत ‘सेतू’ सुविधा केंद्रे आली. २००६च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स आराखड्यातून सामाईक सुविधा केंद्रे, म्हणजे सीएससी, आणि आपल्याकडची महा ई-सेवा केंद्रे आली. २०११मध्ये ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ची केंद्रे आली आणि पुढे त्यांचीच आपले सरकार सेवा केंद्रे झाली. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देतो, पण तो हक्क बजावायला आधी अर्ज करावा लागतो, आणि अर्जाची वाट बहुतेकांसाठी या केंद्रांतूनच जाते. संगणक शिक्षण देणारी एमकेसीएल ही कंपनी २००१मध्ये स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला, त्याचाही इथे हातभार आहे. तालुक्याच्या गावातल्या अनेक तरुणांना संगणकाची नोकरी मिळाली नाही. त्यांनी दोन संगणक घेऊन गाळा भाड्याने घेतला. त्या गाळ्यांनी राज्याच्या डिजिटल कारभाराचा भार उचलला, याची नोंद सरकारी जाहिरातींत सापडत नाही.

बायकांच्या बाबतीत तर ‘मोबाइल सगळ्यांकडे आहे’ हे वाक्यच तपासून घ्यावे लागते. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले, पण घरात फोन असणे आणि तो बाईच्या हातात, तिच्या नावाच्या सिमसह असणे वेगळे. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा ‘नारीशक्ती दूत’ हे मोबाइल अॅप दिले होते. अंगणवाडी सेविकाही अर्ज भरून देत होत्या. तरी आधारला मोबाइल क्रमांक जोडणे, बँक खात्याला आधार जोडणे, उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा कागद मिळवणे यासाठी दुकानांसमोर रांगा लागल्या, आणि १५ जुलैची मुदत वाढवत न्यावी लागली. योजना मोबाइलवर आणि वाट मात्र टेबलावरून, असे ते झाले. दर महिन्याचे दीड हजार ज्या खात्यात यायचे होते, त्या खात्याला आधार जोडलेच नव्हते, हे कित्येक बायकांना पहिल्यांदा अशाच एखाद्या खुर्चीत बसल्यावर कळले.

भूगोलाचा मुद्दा थोडक्यात. जत तालुक्याच्या टोकाच्या गावांहून सांगली शंभर किलोमीटरच्या पुढे पडते. तिथल्या कित्येक घरांची भाषा कानडी, शाळा कानडी माध्यमाची, आणि अर्ज मराठी-इंग्रजीत. दोन्ही भाषा जाणणारा दुकानदार तिथे दुभाष्याचेही काम करतो. कोयनेच्या आणि कांदाटीच्या खोऱ्यात रेंज डोंगराच्या कलाप्रमाणे येते-जाते. पाटण किंवा मेढ्याला बाजारादिवशी उतरून महिन्याभराची ऑनलाइन कामे एकदम उरकणे तिथे सोयीचे. खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत. सोने-चांदी गाळायला दक्षिणेत गेलेला माणूस तिकडून व्हॉट्सअॅपवर कागद पाठवतो आणि विट्यातला दुकानदार इथल्या म्हाताऱ्या आईचा दाखला काढून देतो. मोबाइल डेटाने या दुकानाचे काम संपवले नाही, उलट त्याचा पंचक्रोशीचा धंदा कोइमतूरपर्यंत नेला.

आता कडक आक्षेपाकडे. हीच दुकाने लुबाडतात, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. एक रुपयात पीकविमा ही योजना २०२३च्या खरिपात आली तेव्हा शेतकऱ्याने फक्त एक रुपया द्यायचा आणि प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळायचे, अशी रचना होती. तरी काही केंद्रांवर शेतकऱ्यांकडून वरकमाई झाली, आणि राज्यभरात बोगस अर्जांचा एवढा सुळसुळाट झाला की सरकारी जमिनी, देवस्थानांच्या जमिनीसुद्धा विम्याखाली दाखवल्या गेल्या. काही केंद्रांवर कारवाई झाली आणि २०२५मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली. याशिवाय गुपचूप चालणारा एक गैरप्रकार आहे: उमेदवाराचा ईमेल आयडी दुकानदार स्वतःच तयार करतो, पासवर्ड स्वतःकडे ठेवतो, आणि प्रवेशपत्र काढायला, निकाल बघायला, दुरुस्ती करायला मुलाला दर वेळी त्याच दारात यावे लागते. आधारच्या, पॅनच्या, बँक पासबुकच्या प्रती त्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरात वर्षानुवर्षे पडून असतात. २०११चे सायबर कॅफेचे केंद्रीय नियम गिऱ्हाइकाचे ओळखपत्र बघायला सांगतात, नोंदवही किमान एक वर्ष जपायला सांगतात, कप्प्याची उंची साडेचार फुटांहून अधिक नको म्हणतात. गिऱ्हाईक एकटे बसून काय बघते याची काळजी त्यांत आहे. आज गिऱ्हाईक काहीच बघत नाही. त्याचे सगळे कागद दुकानदार बघतो. तो त्यांचे काय करतो याबद्दल ते नियम गप्प आहेत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि त्याचे २०२५च्या नोव्हेंबरात निघालेले नियम मोठ्या कंपन्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले दिसतात. वडूजच्या किंवा तासगावच्या गाळ्यात ते पोहोचवायचे तर कोणीतरी ते मराठीत, एका पानात लिहून भिंतीवर लावले पाहिजेत. एवढे सगळे मान्य करूनही निष्कर्ष ‘दुकाने बंद करा’ असा निघत नाही. अर्जनवीस लाच खायचे म्हणून लोकांनी स्वतः कोर्टाचे मसुदे लिहायला घेतले नाहीत. ज्या माणसाशिवाय काम अडते त्याच्या कामाला नियम लागतात, दरपत्रक लागते, पावती लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. कॅफेची गरज हे आजाराचे लक्षण आहे, असे काही जण म्हणतात: अर्ज सोपे करा, एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नका, मग मधल्या माणसाची गरजच उरणार नाही. २०२५च्या फेब्रुवारीत राज्याने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअॅपवर देण्यासाठी मेटाशी करार केला, तो याच दिशेने. अर्ज सोपे व्हावेत, यात दुमत नाही. उत्पन्नाचा दाखला त्याच तहसील कचेरीने दिलेला असताना त्याचीच पीडीएफ मागणे हा छळच आहे. पण सोपे करणारा माणूसही ठरावीक घरे मनात धरून सोपे करतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५च्या सप्टेंबरात सुरू झाली तेव्हा पडद्यावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाणार होता. प्रक्रिया दिसायला दोन मिनिटांची. पण जिचा नवरा वारलेला आणि वडीलही वारलेले, तिने काय टाकायचे? जी सोडलेली, जिच्या नवऱ्याचा ठावठिकाणा नाही, तिने ओटीपी कोणाकडून मागायचा? पडद्यावर त्यासाठी जागाच नव्हती. पुढे मुदत डिसेंबरअखेर नेली गेली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत, असा मार्ग काढला गेला. म्हणजे शेवटी पुन्हा एक माणूस, एक कागद आणि एक टेबल. अर्ज जितका सोपा, तितका तो सरासरी घराला बेतलेला असतो. आणि सरासरीबाहेरच्या घराला ‘तुमच्या बाबतीत असे करून बघू’ म्हणणारे माणूस लागते. चॅटबॉट ते म्हणत नाही.

हा अनुभव आपल्याच मुलखाचा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये मॅरियन वॉल्टन आणि जोनाथन डॉनर यांनी २०१२च्या सुमारास गरीब वस्त्यांतल्या किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. सगळ्यांच्या हातात इंटरनेटचे मोबाइल होते, आणि तरी मुले वाचनालयांतल्या व कॅफेंतल्या संगणकांवर येत होती. गप्पा आणि गाणी फोनवर, शाळेचा प्रकल्प, टायपिंग आणि छपाई सार्वजनिक संगणकावर, अशी वाटणी त्यांनी आपल्या मनाने करून टाकली होती. एक साधन दुसऱ्याच्या जागी आले नव्हते, दोन्ही एकमेकांना धरून होती. अमेरिकेत २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चौदा वर्षांवरच्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी वर्षभरात सार्वजनिक वाचनालयातला संगणक किंवा तिथले इंटरनेट वापरल्याचे दिसले होते. फरक एवढाच की तिथे हे टेबल वाचनालयाच्या खर्चाने मांडलेले असते आणि इथे एखाद्या पोराच्या कर्जाने.

आपल्याकडेही १९६७च्या कायद्याने उभी राहिलेली अनुदानित वाचनालये गावोगाव आहेत. त्यांत एक संगणक, एक प्रिंटर आणि संध्याकाळी दोन तास बसणारा शिकलेला माणूस ठेवला तर कॅफेवरचा ताण उतरेल आणि दरही ताळ्यावर राहतील. पण ते होईपर्यंत जी दुकाने आहेत त्यांच्याशी नीट वागले पाहिजे. दाखल्याच्या केंद्राला मान्यता आहे आणि शेजारी भरतीचे अर्ज भरणाऱ्या गाळ्याला कोणी विचारत नाही, ही तफावत जावी. दोघांनाही दरफलक आणि पावतीची सक्ती असावी. उमेदवाराचा ईमेल त्याच्याच फोनवर उघडून द्यावा, काम झाले की त्याच्यासमोर फाइली पुसाव्यात, हे साधे नियम जिल्हाधिकारी कार्यालय एका परिपत्रकाने काढू शकते. शेवटच्या दिवशी साइट बंद पडली तर मुदत आपोआप वाढावी, त्यासाठी उमेदवारांना आंदोलन करावे लागू नये. आणि ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार केंद्रावर वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर बसलेले संगणक परिचालक कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेळेवर पगार मागत आले आहेत. गावातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जवळचा ऑनलाइन मदतनीस तोच आहे, तेव्हा सुरुवात त्याच्या पगारापासून करावी.